फाउंडेशन पास, डिप्लोमाला गैरहजर

आज शकूमावशीचा तेरावा झाला आणि मला अजून तिचा रागच यायलाय.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण खोटं कशाला लिहू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आर्ट कॉलेजात डिप्लोमाच्या आधी एक वर्ष फाउंडेशन करावं लागतं. रेषा, रंग, अक्षरं, सगळं मुळापासून. ते पास झालात तरच पुढं डिप्लोमा.

मी वालूरची. बारावी झाल्यावर परभणीत रूम करून फाउंडेशनला आले. वर्गात सगळी माझ्याच वयाची पोरं-पोरी.

आणि माझ्या शेजारी शकूमावशी.

पन्नाशीची बाई. ताडकळसहून रोज एसटीनं यायची. पोरीचं लग्न झालं, पोरगा पुण्याला नोकरीला लागला, आणि हिनं पेटीच्या तळातून दहावीची मार्कशीट काढून सरळ ॲडमिशन घेतली. घरी सांगितलं, एक वर्षाचा क्लास हाय.

पहिल्याच महिन्यात तिनं माझं डोकं उठवलं.

स्टिल लाइफला टेबलावर मांडणी असते. तांब्याची काळपट कळशी, चार वांगी, मागं चुरगाळून टाकलेला कपडा. आठवडाभर त्याला कुणी बोट लावायचं नाही. सगळ्यांची चित्रं अर्धी झालेली असतात ना.

एका सकाळी वर्गात आलो तर कपड्याची नीट घडी. कळशी चिंचेनं घासून लख्ख. वांगी गायब.

आदल्या दिवशी सगळ्यात शेवटी वर्गातून मावशीच निघाली होती. सरांनी कपाळाला हात लावला.

मावशी एकदम शांत. "सुकायली होती सर. भरून आणलीत. डब्यात हायेत."

त्या कपड्याच्या चुण्या मी जीव ओतून काढल्या होत्या. गेल्या सगळ्या पाण्यात. दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. वांगी मात्र खाल्ली. लय भारी झाली होती, त्याचा आणखी वैताग.

मग स्केचिंग. एकमेकांना समोर बसवून काढायचं. मी तेव्हा अगदी काडी. मावशीच्या कागदावर मात्र माझे गाल भरलेले, दंड गोलगरगरीत.

दिसतं तसं काढा, दिसतं तसं काढा, सर सांगून सांगून थकले. ती मान डोलवायची आणि पुन्हा मला जाड करायची. एकदा सर खरंच चिडले, तेव्हा म्हणाली, "सर, पोरगी परगावी राहायलीय. हिच्या आईनं हे चित्र बघितलं तर तिला काय वाटंल?"

सर पुढच्या पोराच्या कागदाकडं वळले. पण तिचे मार्क गेले ते गेलेच की!

पर्स्पेक्टिव्ह तर तिला कधीच पटलं नाही. लांबचं घर लहान काढायचं म्हणलं की वाद घालायची. लांब हाय म्हणून घर लहान कसं होईल, माणसं तेवढीच राहायलीत ना आत?

पण रंग! ती रंग मिसळायला बसली की सर मागं येऊन उभे राहायचे. नुसते बघायचे. मला तसा हिरवा आजसुद्धा जमत नाही, आणि मी आता पोरांना ड्रॉइंग शिकवते.

परीक्षेत मला माझ्या पेपरपेक्षा हिची धास्ती. मध्येच उठून कपड्याची घडी घालते का काय! नाही उठली. पास झाली. रंगात वर्गात पहिली.

निकालाच्या दिवशी मी तिचा हातच धरला. म्हणलं चल, डिप्लोमाची ॲडमिशन आजच करून टाकू.

म्हणाली, "घरी विचारून सांगते."

झालं.

त्या वर्षी पोरीचं बाळंतपण. मग सासूचा पाय मोडला. मग कापूस वेचायला माणसं मिळेनात. माझा डिप्लोमा संपला, सेलूला शाळेत नोकरी लागली, तरी दर जूनला माझा फोन ठरलेला आणि तिचं उत्तर ठरलेलं. विचारून सांगते.

मी इकडं तिच्या नवऱ्याला, काकांना, शिव्या घालायचे. कसला माणूस म्हणावं हा! बायकोच्या हातात एवढे रंग आणि ह्याला ती चुलीपुढंच पाहिजे.

यंदा जूनमध्ये पण फोन केला. आता नक्की विचारते बघ, म्हणाली. आणि परवा परवा छातीत दुखायला लागलं, परभणीला नेईपर्यंत संपलं सगळं.

आज जेवणं उरकल्यावर काका ओसरीवर एकटेच बसले होते. तेराव्याच्या दिवशी बोलू नये, कळतं मला. पण राहवलं नाही.

"काका, मावशीला डिप्लोमा का करू दिला नाही तुमी?"

त्यांनी मान वर केली.

"कसला डिप्लोमा? वर्षाचा क्लास होता ना तो? झाला म्हणली."

पुढं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही विषय काढला नव्हता. एकदाही!

मी म्हणाले, विचारलं असतं तर जा म्हणला असता का?

काका पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "न्हाईच म्हणलो असतो. क्लासला बी न्हाईच म्हणलो होतो. तरी गेलीच की ती."

चहा न घेताच उठले.

मावशी, विचारायचं तरी होतंस गं. ते नाही म्हणले असते, मग भांडायचं होतंस. मला बोलवायचं होतंस, पहिल्या गाडीनं आले असते तुझ्या बाजूनं भांडायला.

लय राग आलाय तुझा. आणि तू नाहीस म्हणून रडू पण यायलंय.

हा रागातलाच नमस्कार घे, मावशी.