अंगठीतला मासा

आमच्या ताईचा साखरपुडा एका माशावरून मोडायला आला होता. आणि आमचे अण्णा म्हणजे पक्के माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे, मासा कुठला!

बेलापुरात तेव्हा आमच्या शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलं होतं. मी अकरावीत, डोकं भलतंच सुपीक. पुराणातली ती हरवलेल्या अंगठीची प्रेमकहाणी मी उचलली आणि चक्क 'मॉडर्न' करून टाकली. राजाचा केला कारखान्याच्या साहेबाचा मुलगा, अंगात टेरिलीनचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. तपोवनाच्या जागी मोसंबीची बाग. शापबिप काही नाही, हीरो मोटारसायकलवरून आपटतो आणि बायकोलाच विसरतो! अंगठी गिळणारा मासा तेवढा जुनाच ठेवला. (हीरो मीच. मुलींची शाळा, दुसरं कोण होणार?)

साखरपुड्याच्या सकाळी "मधेमधे करू नगंस" म्हणून आईने मला हाकललं. मी काजळाची मिशी काढली आणि मागच्या गोठ्यात मैत्रिणीबरोबर तालीम सुरू केली. शेवगावचे पाहुणे आलेले मला कळलेच नाहीत. नवऱ्या मुलाची आई पाय धुवायला मागच्या दारी आली, तेव्हा मी रंगात येऊन ओरडत होते, "अगं, मासा कापला म्हणून तर कळलं! अंगठीचं सगळं गौडबंगाल त्या माशातच होतं!"

आता सोनाराकडे मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग! आणि अण्णांनी जावयासाठी तोळ्याची अंगठी घडवलेली. बाई पाय न धुताच आत!

"पावनं, मासा कुनी खाल्ला?"

अण्णांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "मी? आवं इहीनबाई, माळकरी मानूस मी!"

"मग कापला कुनी?"

"आमच्या घरात? मासा?"

"व्हय, अंगठीतला!"

"अंगठीत मासा मावंल कसा?" अण्णा मटकन खालीच बसले.

ताई रडायला लागली. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता हो! मला धरून आणलं.

"ह्योच त्यो पोरगा!" बाई म्हणाल्या.

"पोरगी हाय, आमची धाकटी," आई पुटपुटली.

"पोरगी? मिशी हाय की तिला!"

"बेबे, मासा कुनी कापला?" अण्णा गरजले.

"कोळ्यानं!" मी म्हटलं.

"सोनारानं न्हाई?" बाई म्हणाल्या.

"सोनार नाटकात नाहीच!"

मी रडत रडत अख्खं नाटक सांगितलं. पण अण्णा आता पेटले होते. "तोलाच आता!" बाजारपेठेतून सोनार तराजू घेऊन आला. आमची अंगठी तोळ्याला तोळा भरली. "आता तुमची," अण्णा म्हणाले. पाहुण्यांनी ताईसाठी तोळ्याची म्हणून आणलेली अंगठी पारड्यात पडली आणि बरोब्बर एक मासा कमी!

बाई लालबुंद झाल्या, मग एकदम खो खो हसल्या. "अगं बया, ह्यो मासा खराच गिळला की कुनीतरी!" त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून ताईच्या बोटात सरकवली. ताई डोळे पुसत हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गॅदरिंगला शेवटच्या प्रवेशात मी अंगठी उंच धरून, गळा भरून आणून म्हटलं, "प्रिये, हीच ना ती अंगठी?"

"आदी तोलून बघ!" अख्खं बेलापूर ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज अण्णांचा.

माझ्या करुण प्रेमकथेला पहिलं बक्षीस मिळालं. विनोदी नाटकाचं!