मासळीबाजारातला मंडळाचा वार

डहाणूतलं आमचं कॉलेज फक्त मुलींचं, आणि तिथली निम्मी कामं मुलींच्याच अंगावर टाकलेली. हॉस्टेलचं जेवण, वाचनालयाच्या चाव्या, पाण्याच्या टाकीची साफसफाई, स्नेहसंमेलन, सगळं विद्यार्थिनी मंडळाकडे. प्राचार्य मॅडम म्हणायच्या, "भांडा हवं तेवढं, पण भांडण घेऊन माझ्या दारात येऊ नका." प्रत्येक कामाला वार लावलेले असत. भाकऱ्यांना सोमवारी कोण, चाव्या बुधवारी कुणाकडे, हे मंडळ ठरवणार. वार चुकवलेली मुलगी आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देऊ शकत नसे.

शेवटच्या वर्षी मंडळाची अध्यक्ष होती ती तळासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. कॉमर्सची, हॉस्टेलला राहणारी, बोलायला अगदीच कमी. मी तिची चिटणीस. मी आर्ट्सची, किनाऱ्यावरच्या घरातून रोज येणारी, मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी. आता आमच्या बाजारात जी आधी ओरडेल तिच्याकडे गिऱ्हाईक वळतं. त्यामुळे माझ्या तोंडाचा पट्टा लहानपणापासूनच सुटलेला, आणि राग तर नाकावर. आम्हा दोघींना एकत्र कुणी बसवलं देव जाणे.

तिच्या सभेत हात वर करून मतं घेणं हा प्रकारच नव्हता. तिच्या पाड्यावर लोक गोल करून बसतात, आणि एकाचंही तोंड वाकडं असेल तर कुणी उठत नाही, असं तिने पहिल्याच सभेत सांगून टाकलं. मग एकेकीकडे बघून ती विचारायची, "तुझं काय?" एखादी गप्प राहिली की हीही गप्प. नुसती वाट बघायची. टाकी रविवारी धुवायची की शनिवारी, एवढ्यासाठी आम्ही चहाची वेळ उलटून जाईपर्यंत बसलोय! माझा पारा चढायचा. मी म्हणायचे, "अगं बाई, मोजून टाक ना मतं, सुटू दे आम्हाला!" ती हसायची आणि पुढच्या मुलीकडे वळायची.

दिवाळी झाली आणि आई धक्क्यावर घसरून पडली. गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा-सात महिने उकिडवं बसायचं नाही. आमच्या घरात हे म्हणजे हातपाय बांधून ठेवल्यासारखंच. बाबा आणि भाऊ होडीवर. होडीची मासळी विकायची आईने, आणि ती विकायची बाजारातल्या तिच्या जागेवर. ही जागा आजीपासूनची. पण तिचा कागद वगैरे काही नसतो. बसणारीची जागा, एवढाच तिथला कायदा. चार-आठ दिवस मोकळी राहिली की दुसरी कुणी गोणपाट अंथरते, आणि मग कितीही आरडाओरडा केला तरी ती परत मिळत नाही.

त्यातून आईच्या शेजारी बसायची ती बाई. आईचं आणि तिचं वाकडं मी शाळेत होते तेव्हापासूनचं. पाण्याच्या बादलीवरून काहीतरी झालं होतं, नेमकं काय ते दोघींनाही आठवत नसेल. दोन हातांच्या अंतरावर बसून दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत. ती बाई रोज आपलं गोणपाट बोटभर आमच्याकडे सरकवायची आणि आई पायाने ते मागे ढकलायची.

आर्ट्सचे वर्ग सकाळी, बाजारही सकाळी. दोन मावश्या होत्या, पण त्यांना स्वतःच्या जागा. म्हणजे उरले मी. आई रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली तेव्हा मला कळायचं ते कळलं. घरात पदवीपर्यंत पोचणारी मी पहिलीच. शेवटचं वर्ष, आणि तेच सोडायचं! रडून रडून डोळे सुजले आणि मग नेहमीसारखा राग आला.

त्याच रागात मी मंडळाच्या सभेत उभी राहिले. म्हटलं, "माझं नाव काढा. दुसरी चिटणीस बघा. मी कॉलेज सोडतेय." आणि निघालेच होते दाराकडे.

अध्यक्ष म्हणाली, "बस."

"बसून काय करू? ठरलंय माझं."

"तुझं ठरलंय. आमचं अजून विचारलंच नाही कुणी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बसले. तिने मला सगळं सांगायला लावलं, जागेचं, गोणपाटाचं, शेजारणीचं. मग म्हणाली, "कॉमर्सचे वर्ग दुपारी असतात. सकाळी आम्ही मोकळ्या. या जागेला वार लावता येईल का?" आणि सुरू झालं तिचं ते एकेकीला विचारणं.

कोसबाडची एक म्हणाली, मंगळवार माझा. दुसरीने गुरुवार घेतला. गावातली गुजराती बोलणारी एक मुलगी होती, घरात अंडंसुद्धा न येणारी. तिच्यापाशी आल्यावर मी मान खाली घातली. ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "माशाला मी हात लावणार नाही हां. पण बसेन. बसायचंच आहे ना?" मला एवढं रडू फुटलं की विचारू नका. तिची ओढणी ओढून मी त्यात नाक पुसलं, आणि ती ओरडली, "छी! मासेवालीचं नाक!"

तेव्हापासून असं चाललं. पहाटे होडीवरून आलेली पाटी मी रिक्षातून बाजारात न्यायची, वाटे लावायची, भाव सांगायचे आणि वर्गाला पळायचं. मग जिचा वार ती बसणार. पहिला वार अध्यक्षीणबाईंचा. शेजारणीने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही कोण? घरची तर नाय दिसत."

"आम्ही एका मंडळातल्या," अध्यक्ष म्हणाली.

"कसलं मंडळ? गणपतीचं?"

बाजार खदखदून हसला. ही आपली वाट्यांवरच्या माशा हाकत राहिली.

आणि काय घोटाळा केला तिने! आई शेवटी ज्या भावाला देते तो मी तिला सांगून ठेवला होता, म्हणजे त्याच्या खाली उतरू नकोस म्हणून. पाड्यावरच्या बाजारात काकडीच्या वाट्याचा भाव एकच असतो, तो ऐकून माणूस घेतो नाहीतर पुढे जातो. हिला वाटलं इथेही तसंच. तिने पहिल्याच गिऱ्हाइकाला तो शेवटचा भाव सांगून टाकला. गिऱ्हाईक सवयीप्रमाणे निम्म्यावर आलं. आमच्यातली कुणी असती तर म्हणाली असती, "शेट, पापलेट मागताय की पापलेटाचा वास?" ही काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. गिऱ्हाईक थोडं वर चढलं. ही गप्पच. शेवटी तो माणूस इतका अवघडला की पूर्ण पैसे ठेवून पिशवी उचलून निघून गेला. हे सगळं मला नंतर समोरच्या कोलंबीवालीने हातवारे करून सांगितलं. आईला सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला, आणि पडल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली.

गुजराती मुलगी तोंडाला रुमाल बांधून बसायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, "काका, तुम्हीच उचला ना प्लीज, मी पैसे घेते." लोक उचलायचेसुद्धा! आयुष्यात माझं इतकं भलं कुणी केलेलं नाही, आणि हे मी आज सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा तोंडाने एवढी वटवट करूनही हे बोलायचं राहून गेलं.

पण एप्रिल आला, परीक्षा आली आणि वार कोसळले. सगळ्यांचेच पेपर सकाळी. हॉस्टेल अर्धं अभ्यासाला घरी गेलेलं. बोलावणार कुणाला? आई म्हणाली, "मी जाते लंगडत." उठायला गेली आणि खाटेचा कठडा धरून तिथेच थांबली. मी म्हटलं, "पहिल्या पेपराला नाही जात. राहील एक विषय, पुढचं पुढे बघू." आई ओरडली, मी दुप्पट ओरडले. शेजारची कुत्री भुंकायला लागली. शेवटी मी हॉल तिकीट कपाटावर टाकलं आणि झोपले. म्हणजे, डोळे मिटून पडले.

सकाळी निघताना आईने ते तिकीट बळेच माझ्या पिशवीत कोंबलं. मी काढलं नाही, पण मनातून पेपर सोडलाच होता. पाटी घेऊन बाजारात आले आणि बघते तर आमच्या जागेवर गोणपाट! शेजारणीचं. आडवं, ऐसपैस, आमची सगळी जागा व्यापून. वर ती स्वतः बसलेली आणि तिच्या मूळच्या जागेवर तिची सून.

मी पाटी दाणकन ठेवली. म्हटलं, "लाज नाही वाटत? एवढीच वाट बघत होतीस का गं?" आणखी बरंच काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? वाटे लाव आणि नीघ. आज वार माझाय."

मी म्हटलं, "तुझा वार?"

"तुमची ती मुकी अध्यक्षीण काल माझ्याजवळ येऊन बसली. बसली ती बसलीच. शेवटी मीच विचारलं, काय पायजे गे बाय तुला? म्हणाली, मावशी, सगळ्यांचे पेपर आहेत, वार मोकळे पडलेत." तिने माझी पाटी स्वतःकडे ओढली. "रिकामी जागा कुणीतरी ढापली असती. सगळे पेपर होईस्तोवर मी बसते. आता उभी काय राहिलीस? जा! आणि आईला सांगू नको, आमचं बोलणं नायेय."

मी पेपर दिला. काय लिहिलं ते आठवत नाही.

संध्याकाळी आईला सांगितलंच. ती गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, "आपल्या जागेवर दहानंतर ऊन येतं. तिला ऊन सोसत नाय. उद्या माझी छत्री नेऊन दे. मी दिली म्हणून सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी छत्री नेली. शेजारणीने ती ओळखली, उघडली आणि डोक्यावर धरली. मी पेपरला पळाले.