लोखंडाचा सेंटर, लाकडाचं लेथ

जबलपूरच्या एका हार्डवेअरवाल्याने मला फसवलं आणि मी माझ्या मिस्त्रीला, नामदेवरावांना. पहिली फसवणूक मी गावभर सांगत फिरलो. दुसरी सांगायची राहिली आहे.

लढाईचे दिवस होते. लष्कराचं सामान बनवणारी सरकारी फॅक्टरी रात्रंदिवस चालायची, आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपनाही कामं मिळायची. माझ्याकडे तंबूचे खुंटे ठोकायच्या मोगऱ्यांच्या, म्हणजे लाकडी हातोड्यांच्या, दांड्यांची ऑर्डर होती. लेथवर लाकूड दोन टोकांमध्ये धरून फिरवतात. त्या टोकांना सेंटर म्हणतात. दात्यांचा सेंटर लाकडाला फिरवतो, समोरचा नुसता आधार देतो. आमचा आधाराचा सेंटर स्वतः फिरत नसे. नामदेवराव मेण लावायचे, तरी लाकूड घासून दांड्याचं टोक काळं पडायचं. फॅक्टरीच्या इन्स्पेक्टरने अख्खा लॉट परत पाठवला. "जला हुआ माल नहीं चलेगा."

नामदेवराव म्हणाले, "भाऊ, बेअरिंगवाला सेंटर आणा. तो लाकडाबरोबर फिरते, घासत नाही. पण टोकाभोवती कड्यासारखी किनार पाहून घ्या. किनार नसली तर टोक पाचरीसारखं आत शिरते."

दुकानात किनारीचा सेंटर होता. मी भाव पाडायला बसलो. दुकानदार वैतागला, आत गेला आणि दुसरा डबा घेऊन आला. आतला सेंटर नुसता अणकुचीदार होता.

"किनार कुठाय?"

"नए मॉडल में नहीं आती, भैया. लकड़ी का ही है."

अर्ध्या भावात मिळाला. मी खूश होऊन परतलो.

नामदेवरावांनी टोकावर बोट फिरवलं. "हा लोखंडाच्या कामाचा हाय. लाकूड फाडते हा."

"दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त कळते का?"

"दुकानदार लेथसमोर उभा राहत नाही, भाऊ."

"माल द्यायचा आहे, मिस्त्री. काहून अडवून राहिले? लावा."

त्यांनी लावला. दोन दिवस दांडे पांढरेशुभ्र निघाले. मी टोमणा मारला, "काय मिस्त्री, फाटलं का?"

"लाकडाला अजून तुमच्या सेंटरची ओळख पटली नाही," ते हसून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एक दांडा सैल वाजू लागला. त्यांनी आधाराचा सेंटर पुढे सरकवणारं चाक थोडं आवळलं, मग आणखी थोडं. टोक आत रुतलं, दांडा उभा चिरला आणि अर्धा तुकडा त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

डोळा गेला. एका डोळ्याने हातातली पटाशी फिरत्या लाकडापासून किती दूर आहे याचा अंदाज येत नाही. त्या हातांचं काम तिथेच संपलं.

मी दुकानात जाऊन दुकानदाराची कॉलर धरली. तो म्हणाला, "सस्ता आपने ही माँगा था." लोकांनी आम्हाला सोडवलं. सेंटर निवडताना लेथसमोर उभा राहणाऱ्याचं ऐकावं, पैसे मोजणाऱ्याचं नाही, एवढंच मी त्या धंद्यात शिकलो.

किनारीचा सेंटर दुकानात होता आणि स्वस्तापायी मी तो सोडला, ही माझ्या वाटणीची चूक मी नामदेवरावांच्या घरी जाऊन कबूल केली. त्यांनी मला बाजेवर बसायला जागा करून दिली. मग म्हणाले, "तुम्ही तर आले. तो दुकानवाला काहून नाही आला?"

त्याचं दुकान अजून चालू आहे. त्या माणसाने नामदेवरावांच्या दारात उभं राहावं आणि लोखंडाचा सेंटर लाकडाचा म्हणून काहून विकला, ते त्यांच्या तोंडावर सांगावं.