हातात लोकर, शेगडीवर दूध

कॅस्मिरला कोणी धडपडताना दिसलं की त्याचे हात आपोआप पुढे जातात. त्याचा त्यात काही दोष नाही. मूळचा वसईचा हा माणूस वीस-बावीस वर्षं दुबईतल्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या खुर्च्या मागे ओढतोय. राहायला मात्र आम्ही शेजारच्या शारजात; तिथल्या अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो लिफ्टचं दार अख्ख्या मजल्यासाठी धरून ठेवतो, आणि वर ‘हॅव अ प्लेझंट डे’ म्हणतो. मी त्याचा रूम पार्टनर. मलाही तो रोज प्लेझंट डे देतो. माझ्या ऑफिसात तो डे प्लेझंट राहत नाही, हा भाग वेगळा.

या कॅस्मिरनं पन्नाशीच्या तोंडावर ऑनलाइन कोर्स घेतला. जेरोन्टॉलॉजी.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हातारपणाचा अभ्यास.”

“आमच्या मेहकरला ते आपोआप येतं रे. क्लास लावायला लागत नाही.”

“हस, हस. इथं मुलं आईबापाला हौसेनं बोलावतात, आणि सकाळी ऑफिसला निघून जातात. म्हातारी माणसं दिवसभर खिडकीतून पार्किंग बघतात. त्यांच्याकडे बघायला कोण आहे? आणि खुर्च्या ओढून ओढून माझी कंबर गेलीय, ते वेगळंच.”

घरी जाऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका कंपनीनं त्याला सांगितलं होतं, ‘सर्टिफिकेट आण, नोकरी तुझी.’ हॉटेलातून सुटायचा त्याच्यापुढे हा एकच रस्ता होता. थिअरी तो पास झाला. सुटीच्या दिवशी टॉवेल डोक्याला गुंडाळून वाचायचा. टॉवेलानं काय होतं हे कोर्समध्ये नसावं. अडलं ते प्रॅक्टिकलपाशी.

प्रॅक्टिकल दिसायला सोपं होतं. एखादी वयस्कर व्यक्ती रोजचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करतेय, आणि उमेदवार शेजारी बसून बघतोय, असा व्हिडिओ पाठवायचा. नियम एकच: तिला जे करता येतं, ते आपण करायचं नाही. खरा धोका असेल तरच उठायचं.

व्यक्ती मिळाली. वरच्या मजल्यावर साधनाकाकू राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, चिंचवडला शिवणाचे क्लास घ्यायच्या, आता मुलाकडे आलेल्या. त्यांना इथं स्वयंपाकघर बंद होतं. इथली शेगडी सपाट काचेची. चालू आहे की बंद, पटकन कळत नाही. काकूंनी आल्या आल्या तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं. झाकण वितळून गेलं, त्याच्याबरोबर स्वयंपाकघरही गेलं. व्हिडिओसाठी म्हणून सून वैभवीनं एका चहापुरती परवानगी दिली.

पहिला व्हिडिओ मी काढला. काकू उठायला गेल्या, कॅस्मिरनं खुर्ची ओढली. काकूंनी कपाट बघितलं, कॅस्मिरनं कप काढले. पाणी त्यानंच ठेवलं, आलंही त्यानंच किसलं. शेवटी कागदी रुमालाचा पंखा करून ट्रेमध्ये चहा आणला आणि वाकून विचारलं, “एव्हरीथिंग ओके, मॅडम?”

कोर्सच्या हमीदा मॅडमचा शेरा आला: ‘आजींनी या व्हिडिओत एकच गोष्ट स्वतः केली. चहा प्यायल्या. नापास. आणखी एक संधी मिळेल, ती शेवटची.’

मग मी त्याला सराव दिला. मुद्दाम शर्टाची बटणं चुकीची लावून समोर बसलो. “हबीबी, बघ फक्त, हात लावू नकोस,” मी बजावलं. तो घामाघूम झाला. मी वळलो तेवढ्यात त्यानं मागून कॉलर नीट केली.

दुसऱ्या व्हिडिओच्या दिवशी तो वर गेला तेव्हा चेहरा उतरलेला होता. काकूंनी विचारलं, त्यानं नियम सांगितला.

“म्हणजे मी धडपडायचं आणि तू बसून बघायचंस?”

“हो मॅडम.”

“आणि याचं सर्टिफिकेट मिळतं?”

“हो मॅडम.”

“मग आमच्या ह्यांना पीएचडी मिळायला हवी होती. आणि मॅडम काय लावलंयस? काकू म्हण.”

“काकू, या वेळी गेलं तर खलास. पण हात ऐकत नाहीत.”

काकू आत गेल्या आणि लोकरीची लड घेऊन आल्या. नातीसाठी त्या स्वेटर विणत होत्या. शारजात स्वेटर म्हणजे मॉलच्या एसीसाठी. त्यांनी कॅस्मिरला सोफ्यावर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि लड मनगटांवर चढवली.

“आज तू पाहुणा आहेस. पाहुणा आमच्याकडे उठत नाही. आणि उठलास, लोकर गुंतली, तर सोडवत बसशील. ते काम मात्र तुझं तुलाच करावं लागेल.”

मी फोन सुरू केला. काकू ओट्याला धरत धरत गेल्या. कपासाठी हात वर गेला, पोचला नाही. कॅस्मिरचे खांदे उचलले गेले. काकूंनी जरा थांबून खालच्या कप्प्यातले स्टीलचे पेले काढले. पहिल्या व्हिडिओच्या वेळी मला तर तो कप्पा दिसलाही नव्हता. शेगडी लावली, दूध ठेवलं, आणि चहाचा डबा शोधायला पाठ फिरवली.

दूध वर येऊ लागलं.

सोफ्यावरून ते सरळ दिसत होतं. कॅस्मिरनं माझ्याकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं, मग लोकरीकडे. उतू जाणारं दूध हा धोका की नुसतं नुकसान, हे पुस्तकात नसणार. तो अर्धा उठला.

“बस,” काकू मागे न वळता म्हणाल्या.

तो बसला.

“अहो काकू, दूध!” हे मी ओरडलो.

दूध उतू गेलं. काचेवर चर्र झालं, करपल्याचा वास सुटला. काकू सावकाश वळल्या, शेगडी बंद केली, फडकं घेतलं. काच निवेपर्यंत थांबल्या, मग पुसली. उरल्या दुधाचा चहा केला आणि पेले एकेक करून आणले. एकदा एक, मग परत जाऊन दुसरा, मग तिसरा. दर खेपेला थोडा चहा फरशीवर सांडत गेला. कॅस्मिर श्वास रोखून बघत होता. मनगटांवर लोकर जशीच्या तशी.

काकूंनी लड उतरवून घेतली. मी घोट घेतला.

“काकू, साखर राहिली.”

त्यांनी डबा आमच्यापुढे सरकवला. “घ्या ज्याची त्यानं. तुम्हाला येतं ते मी कशाला करू?”

शेरा आला: ‘पास. उमेदवाराचा संयम उल्लेखनीय. त्याचं श्रेय कोणाचं हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. कॅमेरामननं कृपया जेरोन्टॉलॉजीकडे वळू नये.’

काचेवर आता करपट रंगाचं एक कडं कायमचं राहिलंय. वैभवीनं व्हिडिओ पाहिला, कडं पाहिलं, आणि दुपारचा चहा सासूबाईंकडे देऊन टाकला. खालच्या कप्प्यात आता सगळे कप आलेत.

कॅस्मिरला नोकरी मिळाली. हॉटेलातल्या शेवटच्या आठवड्यात एक सत्तरीचे गृहस्थ जेवायला आले. कॅस्मिर बाजूला उभा राहून त्यांना स्वतःची खुर्ची ओढताना मन लावून बघत राहिला. मॅनेजरनं त्याला समज दिली. कॅस्मिर ‘थँक्यू सर’ म्हणाला.

काल मी दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन लिफ्टशी उभा होतो. हा शेजारीच, हात मोकळे. बटण काही दाबेना.

“अरे, दाब ना. मी म्हातारा आहे का?”

“होशील की,” तो म्हणाला. “इन्शाल्ला.”

मी कोपरानं बटण दाबलं.