पेट्रोलवर चालणारी सावली

वळण आलं की अक्का सायकलवरून हात बाहेर काढायच्या आणि मागून मोपेडचा हॉर्न वाजेपर्यंत तो तसाच धरून ठेवायच्या. हॉर्न वाजला म्हणजे अण्णांना हात दिसला. मगच सायकल वळायची. कोणी नवखं हसलं, तर अक्काच आधी सांगून टाकायच्या, "माझी सावली पेट्रोलवर चालते कीं!"

आम्ही दोघी तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. अक्का माझ्याहून बऱ्याच मोठ्या, चाळिशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या. अण्णा त्यांचे थोरले भाऊ, बँकेत कारकून, तेही एकटेच. आईवडील लवकर गेले तेव्हा या माणसानं बहिणीला जपायचं मनावर घेतलं, आणि थांबायचं कधी हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

अण्णा वाईट होते असं मात्र मुळीच समजू नका. मोपेडच्या पिशवीत पंक्चरचं सामान आणि ताकाची बाटली कायम. आमच्या सायकल क्लबातल्या कितीजणींची चाकं त्यांनी रस्त्याकडेला बसून नीट करून दिली. माझा नवरा कधी चाकाला हात लावील तर शपथ! आम्हा बायकांना अक्कांचा हेवाच वाटायचा.

त्या वर्षांत गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते, एक्स्चेंजं आपोआप चालू लागली होती आणि आमच्यातल्या जुन्या माणसांना इकडेतिकडे हलवणं सुरू झालं होतं. अक्कांना बढती आली. समुद्रावर मनोरा म्हणून जुना बुरूज आहे, त्याच्या अलीकडच्या एका गावात सुपरवायझरची जागा, राहायला क्वार्टर्स. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. डबा खाताना त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एक खोली गं. कडी मीच लावणार, मीच काढणार. असं मी कधी राहिलेच नाहीं."

त्या रविवारी क्लबाची सहल समुद्रावर न्यायची, हे अक्कांनीच सुचवलं. कशासाठी, ते मला एकटीला ठाऊक होतं. पट्टुकोट्टैपर्यंत सायकली बसच्या टपावर चढवल्या. बसमागून मोपेड. बसच्या मागच्या सीटवरच्या लोकांशी अण्णांची वाटेत हातवाऱ्यांनी ओळखसुद्धा झाली.

पुढे लखलखीत ऊन, दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा आणि सगळ्यांच्या पुढे अक्का. इतक्या जोरात पायडल मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गावात शिरताच त्यांनी ब्रेक लावला आणि मला एक्स्चेंजमागची बैठी खोली दाखवली. निळी खिडकी, दाराशी कडुनिंब. अक्का गजांतून आत बघत राहिल्या.

तेवढ्यात अण्णा आले. बढतीचं पत्र त्यांनी घरी वाचलंच होतं. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, वर छताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ओल नाहीं. चांगली जागा आहे, बाळ. मी मुदतीआधी रिटायर होतो. अस्कं सामान, एकूण एक, घेऊन बरोबरच येऊं. मी व्हरांड्यात निजेन कीं."

"सरी, अण्णा," अक्का मान डोलावून म्हणाल्या.

त्यांना नाही म्हणणारा भाऊ असता तर त्या भांडल्या असत्या. हो म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं? मला तिथंच रडू आलं, आणि मी ऊन लागल्याचं निमित्त करून तोंड धुतलं.

मनोऱ्याखालचा समुद्र अगदी उथळ. कितीही आत गेलं तरी पाणी गुडघ्याखालीच. क्लबाची मंडळी काठावर डबे सोडत होती. अक्कांनी साडीचा काठ खोचला आणि त्या चालायला लागल्या. चालतच राहिल्या. अण्णांनी हाका मारल्या, तरी त्यांनी मागं पाहिलं नाही. इतक्या दूर गेल्या की साडीचा रंग कळेना. आता ही बाई परत येत नाही, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

मग अण्णांनी चपला काढल्या, नेसलेली वेष्टी गुडघ्यावर बांधली, कोणाची तरी छत्री घेतली आणि पाण्यात उतरले. "वेयिल फार आहे, बाळ! डोकं दुखेल!" असं ओरडत ते अक्कांपर्यंत पोचले. छत्री उघडली. अक्का एक पाऊल बाजूला उन्हात सरकल्या. छत्रीही सरकली. काठावरच्या बायका म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा!"

सोमवारी अक्कांनी नकार कळवला. मी रागानं विचारलं, का? त्या बोर्डात प्लग खोचता खोचता हसल्या.

"तिथं ते दिवसभर घरीं. इथं निदान दहा ते पांच बँकेंत असतात."

काही वर्षांनी अण्णा रीतसर रिटायर झाले. त्या महिन्यापासून अक्का रविवारचीही ड्यूटी मागून घेऊ लागल्या. आमच्या क्लबात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.