निरंजनने क्लब सोडला तेव्हा

परवा सिंगापूरच्या एमआरटी ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला चोळलेल्या मलमाचा उग्र वास आला आणि मला पासिर रिसचं ते चिखलाचं मैदान आठवलं.

माझा नवरा निरंजन तेव्हा एका हौशी क्लबाकडून रग्बी लीग खेळायचा. क्लब सतत हरायचा. तेरा खेळाडू लागायचे, आमचे जेमतेम दहा यायचे, आणि चेंडू घेऊन समोरच्यांच्या अंगावर धावून जाणारा हा एकटाच. तिघं-तिघं मिळून त्याला आडवं पाडायचे. तो उठेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

त्या शनिवारी तो फार उशिरा उठला, मान धरून. सामना संपल्यावर संघाचे कॅप्टन देसाई, स्वतःही चिखलाने माखलेले, आमच्यापाशी आले. एका मोठ्या क्लबाने निरंजनला बोलावल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तू जा," ते म्हणाले. "तिथे मार वाटून घ्यायला माणसं आहेत. इथे सगळा तुझ्याच अंगावर येतो."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बघू रे."

माझ्या शेजारी बसलेल्या देसाईवहिनींनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा गार पडला होता. मला वाटलं, माझी काळजी मिटली म्हणून त्यांना बरं वाटलंय. मी हसून "थँक्यू वहिनी" म्हटलं.

नव्या क्लबात निरंजन बरीच वर्षं धडधाकट खेळला. लोक म्हणाले, त्याला जिंकायची हाव सुटली. मला मात्र तो गार हात आठवतो. पुढच्या शनिवारपासून चेंडू घेऊन कोण धावणार, हे वहिनींना तेव्हाच कळलं होतं.