पाहुणीच्या ताटातला जुना तांदूळ

शहापूरच्या शकुबाईचा हट्ट सगळ्या गावाला ठाऊक. तिनं एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. मग नवरा ताराचंदही दुपट्टा खांद्यावर टाकून गुपचूप तलावाकडे चालू लागतो. पण त्याच हट्टापायी गावातल्या चाळीस बाया एकत्र आल्या, चिन्नोर हे वासाचं धान लावू लागल्या. आता त्यांना गावातच आपली लहानशी राईस मिल हवी होती. तिच्यात पैसा लावायचा की नाही, ते ठरवायला मुंबईहून मीनाक्षी मॅडम येणार होत्या. त्यांची कंपनी म्हणे परदेशातल्या लोकांचा पैसा आपल्यासारख्या वाढत्या देशांतल्या लहान धंद्यांत लावते. मॅडमना एकच खात्री करायची होती: या तांदळाला सांगतात तसा वास आहे का?

सकाळी सून रीना सुपात नवा तांदूळ निवडत बसली होती. शकुबाईचा पारा चढला.

"काहून वं, पाहुण्याले नवा तांदूळ? गोळा होते त्याचा!"

"पण आई, वास तर नव्यालेच..."

"राहू दे तुही हुशारी. नवा घरच्यायले शिजव."

पाहुण्याला नवा तांदूळ वाढला म्हणजे घरात जुना उरला नाही, असंच लोक समजणार. केवढी नामुष्की! शकुबाईनं कडुनिंबाचा पाला घालून वर्षभर जपलेला तांदूळ मडक्यातून काढला. भात असा मोकळा झाला, की तिची तीच खूश.

मॅडम पडवीत जेवायला बसल्या. ताटावर वाकल्या, घास खाल्ला, पुन्हा वाकल्या.

"भात छान आहे, शकुबाई. पण वास... मला तरी येत नाही."

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. अंगणात बसलेल्या चाळीस बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता शकुबाईनं!

तेवढ्यात मागच्या चुलीवर रीनानं घरच्यांच्या भातावरचं झाकण काढलं. वास पडवीपर्यंत आला. मॅडमनी मान वळवली.

"हा कशाचा वास?"

रीना सासूकडे बघत राहिली. सारवासारव करता आली असती, पण शकुबाई सरळ उठली आणि त्या गंजातला गरम भात मॅडमच्या ताटात वाढला.

"चुकी माही हाय, मॅडम. पाहुण्याले जुना वाढाचा, हे आमची रीत. हा नवा, परवाच भरडलेला. पह्यले वाढला तो वर्षभर पडलेला. आमचा धान व्यापारी नेते, भरडते, भाव चढेपर्यंत गोदामात ठेवते. शहरात तुमच्या ताटात पोचते तो असा बिनवासाचा! म्हणून तर मिल गावात पाह्यजे. इथं भरडला का आठ दिवसांत गिऱ्हाइकाच्या घरी."

मॅडमनी नव्या भाताचा गोळा मोडून खाल्ला, अजून मागून घेतला. मग डाव्या हातानं पेन उचललं.

"मिल बसवायची जागा दाखवाल? बाकीचं आपण तिथेच बोलू."

अंगणात एकच गलका झाला. शकुबाईचे डोळे भरून आले, लपवायलाही तिला सुचलं नाही. तिनं रीनाला हाताला धरून सगळ्यांपुढे आणलं.

"जागा हे दाखवन. सकाळी हिनं सांगतलं होतं, मीच आयकलं नाही. मिलचं पाहाले आता हेच."

दारात उभा ताराचंद बघतच राहिला. तीस वर्षांच्या संसारात बायकोला चूक कबूल करताना त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.